‘ओताकू’ म्हणजे नेमकं कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकणारे विद्यार्थी, अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन पाहून हा शब्द उचललेली मुलं आणि ‘आमचा मुलगा स्वतःला ओताकू म्हणवतो, काळजीचं काही आहे का’ असं विचारणारे पालक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओताकू म्हणजे काय? दोन ओळींत सांगा.

एखाद्या विषयात आकंठ बुडालेला, त्यातलं बारीकसारीक सगळं ठाऊक असलेला आणि त्यासाठी वेळ-पैसा हात आखडता न घेता खर्च करणारा माणूस. भारतात आणि अमेरिकेत हा शब्द बहुतेक वेळा अ‍ॅनिमे आणि मांगा म्हणजे जपानी चित्रकथा यांच्या चाहत्यांपुरता वापरतात; जपानमध्ये त्याचा आवाका बराच मोठा आहे (प्रश्न ९).

२. ‘ओटाकू’ बरोबर की ‘ओताकू’?

ओताकू. यातला ‘त’ ताकातला आहे. ‘ट’ आला तो इंग्रजीच्या वाटेने. रोमन लिपीत लिहिलेला शब्द वाचताना आपण सवयीने ट म्हणतो. शेवटचा ‘कु’ जपानीत ऱ्हस्व आहे, पण मराठीत अंत्य उकार दीर्घ लिहायची पद्धत असल्यामुळे इथे ‘ओताकू’ असं लिहिलं आहे. बोलताना मात्र ‘कू’ लांबवू नका.

३. मूळ अर्थ ‘तुमचं घर’ असा आहे हे खरं का?

हो. ‘ताकु’ म्हणजे घर, आणि आधी लागलेला ‘ओ’ आदरार्थी. म्हणजे ‘आपलं घर’, ‘आपलं निवासस्थान’. त्यावरून समोरच्या माणसालाच ‘ओताकू’ म्हणायची पद्धत पडली. फार ओळख नाही, पण बोलणं तर भाग आहे, अशा वेळी हे संबोधन येतं. शेजारच्या बाईशी बोलणारी गृहिणी किंवा दुसऱ्या कंपनीच्या माणसाशी बोलणारा व्यवस्थापक ते वापरतो.

मराठी माणसाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये. ‘तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?’ असं आपण विचारतो तेव्हा ‘तुमच्याकडे’ म्हणजे घर, घरातली माणसं आणि समोर उभा असलेला माणूस, सगळंच एकदम असतं. जुन्या पिढीतले पुरुष बायकोचा उल्लेख ‘कुटुंब’ असा करत. घराच्या आडून माणसाला हाक मारायची ही रीत दोन्ही भाषांत आहे.

४. मग ‘आपलं घर’चा अर्थ ‘वेडा चाहता’ कसा काय झाला?

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला जपानमध्ये विज्ञानकथा, मांगा आणि अ‍ॅनिमेच्या चाहत्यांची मंडळं जोरात वाढत होती. वेगवेगळ्या शाळा-कॉलेजांतली मुलं संमेलनांत भेटायची. मुलगा समोर आहे, आवड तीच आहे, पण ओळख नाही. अशा वेळी त्याला म्हणायचं काय? जपानीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’साठी डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकात नात्याचं वजन आहे. ‘ओमाए’ दोस्तीतला किंवा उद्धट, ‘किमि’ थोडा वरून बोलल्यासारखा, ‘आनाता’ बायको नवऱ्याला म्हणते तो. या मुलांनी ‘ओताकू’ उचलला. त्यात आदर होता, अंतर होतं, शिवाय ‘आपल्या मंडळाकडे अमुक अंक आहे का’ असं विचारायला तो नेमका बसायचा.

ही सवय कुणामुळे पसरली याबद्दल दोन-तीन मतं आहेत. ओकादा तोशिओ (प्रश्न ८) यांच्या म्हणण्याप्रमाणे १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅक्रॉस’ या अ‍ॅनिमे मालिकेचे रचनाकार कावामोरी शोजी आणि मिकिमोतो हारुहिको एकमेकांना याच शब्दाने संबोधत. केइओ विद्यापीठातून आलेली ही मंडळी चाहत्यांची दैवतं होती, त्यामुळे चाहत्यांनी त्यांचं अनुकरण केलं. विज्ञानकथा लेखिका आराई मोतोको यांच्या लेखनातूनही तो वाचकांच्या तोंडी बसला असं काहीजण मानतात. मला ही मतं परस्परविरोधी वाटत नाहीत. असा शब्द एकाच झऱ्यातून क्वचित येतो.

पण लक्षात ठेवायची गोष्ट अशी की इथपर्यंत ‘ओताकू’ हे या मुलांचं नाव नव्हतं. ते एकमेकांना मारत असलेली हाक होती. हाकेचं नाव बाहेरच्या माणसाने केलं.

५. तो बाहेरचा माणूस कोण?

नाकामोरी आकिओ. जन्म १९६०चा, म्हणजे तेव्हा तेवीस वर्षांचा लेखक. ‘मांगा बुरिक्को’ या मासिकाच्या जून १९८३च्या अंकापासून त्याने ‘ओताकूंचा अभ्यास’ नावाचं सदर सुरू केलं.

या लेखात काय होतं ते जरा नीट पाहण्यासारखं आहे, कारण पुढची चाळीस वर्षं जी प्रतिमा चिकटली ती तिथेच तयार झाली. नाकामोरी कॉमिकेत या मांगा-चाहत्यांच्या जत्रेला गेला आणि तिथल्या गर्दीचं वर्णन त्याने केलं. खेळात कच्ची, मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहणारी मुलं. अस्ताव्यस्त केस. आईने सुपरमार्केटमधून आणलेले कपडे. जाड भिंगांचे चष्मे. मग त्याने यादी लांबवली: सिनेमा लागायच्या आदल्या रात्रीपासून रांगेत बसणारे, रुळांजवळ कॅमेरा घेऊन जीव धोक्यात घालणारे रेल्वेवेडे, विज्ञानकथांचे जुने अंक कपाटात लावून ठेवणारे, कॉम्प्युटरच्या दुकानात तळ ठोकून बसणारे. या सगळ्यांना एक नाव हवं होतं. शाळकरी पोरं एकमेकांना ‘ओताकू’ म्हणतात हे त्याला फार विचित्र वाटलं होतं. त्याने तेच नाव दिलं.

लेख सरळसरळ तुच्छतेने लिहिलेला आहे, आणि तो छापला गेला त्याच लोकांच्या मासिकात. वाचक चिडले. संपादक ओत्सुका एइजी यांनाही ही हेटाळणी पटली नाही आणि त्यांनी काही महिन्यांतच सदर बंद केलं. शब्द मात्र बंद झाला नाही.

माझं मत स्पष्ट आहे: नाकामोरीची नजर तीक्ष्ण होती आणि त्याचा हेतू क्षुद्र. कपड्यांवरून आणि केसांवरून माणसांची जात ठरवण्यापलीकडे तो गेला नाही. ही मुलं तिथे काय वाचत होती, काय काढत होती, याकडे त्याने पाहिलंच नाही.

६. हा शब्द अपमानाचा आहे की कौतुकाचा? एकच उत्तर द्या.

एक उत्तर देता येत नाही. तो कोण, कुणाला आणि कोणत्या साली म्हणतो त्यावर ते ठरतं. १९८३ साली हेटाळणी, १९८९ नंतर जवळजवळ आरोप (प्रश्न ७), २००५ नंतर बऱ्याच अंशी साधं विशेषण (प्रश्न ८). आज जपानमध्ये विशीतली मुलगी ‘मी या गायकाची ओताकू आहे’ हे हसत सांगते. तिच्या आजीला मात्र तोच शब्द अजूनही टोचू शकतो.

७. १९८९ मध्ये असं काय झालं की लोक या शब्दाला घाबरायला लागले?

ऑगस्ट १९८८ ते जून १९८९ या काळात तोक्यो आणि साइतामा परिसरात चार ते सात वर्षांच्या चार मुलींचे खून झाले. जुलै १९८९ मध्ये मियाझाकी त्सुतोमु हा सव्वीस वर्षांचा तरुण पकडला गेला. त्याच्या खोलीत साडेपाच हजारांहून जास्त व्हिडिओ कॅसेट सापडल्या. खिडकीपर्यंत रचलेल्या कॅसेट आणि मासिकांचे ढीग दाखवणारं त्या खोलीचं चित्र टीव्हीवर दिवसेंदिवस झळकत राहिलं, आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘ओताकू खुनी’ ठरवलं.

तोवर हा शब्द ठरावीक वर्तुळाबाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता. बहुसंख्य जपानी लोकांनी तो पहिल्यांदा ऐकला तो या बातमीत. एका माणसाच्या गुन्ह्याचा डाग हजारो निरुपद्रवी छांदिष्टांवर पडला. मांगा वाचणारी मुलं शाळेत आपली आवड लपवू लागली, घरचे संशयाने पाहू लागले. त्या कॅसेटींमध्ये बराचसा भाग टीव्हीवरच्या साध्या कार्यक्रमांचा होता, ही गोष्ट नंतर सांगितली गेली, पण ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. मियाझाकीला २००८ मध्ये फाशी झाली.

हा मियाझाकी आणि अ‍ॅनिमे दिग्दर्शक मियाझाकी हायाओ यांचा काडीचाही संबंध नाही. आडनाव एक आहे, इतकंच. हा गोंधळ इतका होतो की मुद्दाम लिहावं लागतं.

८. मग शब्दाला पुन्हा बरे दिवस कसे आले?

हळूहळू, आणि बरीचशी मेहनत ओताकूंनीच केली.

ओकादा तोशिओ हे गाइनाक्स या अ‍ॅनिमे स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक. १९९१ मध्ये या स्टुडिओने एक चित्रफीत काढली. तिच्यात एक साधा मुलगा ओताकूंचा राजा व्हायचं ठरवतो ती गोष्ट अ‍ॅनिमेत, आणि मध्येमध्ये ‘खऱ्या ओताकूंच्या’ मुलाखती, चेहरे धूसर केलेल्या, जणू गुन्हेगारच. खुनाच्या बातम्यांना दोनच वर्षं झाली असताना ही चित्रफीत काढणं धाडसाचं होतं. ज्या पद्धतीने टीव्ही त्यांना दाखवत होता, तीच पद्धत त्यांनी टीव्हीवर उलटवली. पुढे ओकादांनी तोक्यो विद्यापीठात ओताकू संस्कृतीवर व्याख्यानं दिली आणि १९९६ मध्ये ‘ओताकूशास्त्रा’ची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. त्यांचा दावा असा की ओताकू हा अत्यंत तयार नजरेचा रसिक असतो: कोणत्या दृश्याचं रेखाटन कुणाच्या हातचं आहे हे तो नावं न वाचता ओळखतो. हा दावा मला पटतो. ख्यालातल्या एका तानेवरून घराणं ओळखणारा श्रोता आपण पाहिलेला असतो. त्याला आपण दर्दी म्हणतो आणि पुढच्या रांगेत बसवतो.

सर्वसामान्य लोकांचं मन मात्र व्याख्यानांनी बदललं नाही. ते बदललं २००४-०५ मध्ये, ‘देन्शा ओतोको’ म्हणजे ‘ट्रेनमधला माणूस’ या गोष्टीने. लोकलमध्ये एका दारुड्यापासून बायकांना वाचवणारा लाजाळू ओताकू, आभार म्हणून त्याला आलेले महागडे कप, आणि पुढे काय करावं हे तो अनोळखी लोकांना ऑनलाइन विचारतो. आधी पुस्तक, मग सिनेमा, मग टीव्ही मालिका. गोष्ट घडलेली की रचलेली यावर वाद झाले, पण सहानुभूती खरी होती. एक खोट मात्र आहे: नायकाला प्रेम मिळतं ते केस कापून, कपडे बदलून. म्हणजे नाकामोरीची कसोटी तशीच राहिली, फक्त मुलगा पास झाला.

त्याच सुमारास मांगाचे शौकीन म्हणून प्रसिद्ध असलेले आसो तारो परराष्ट्रमंत्री होते. त्यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मांगा पुरस्कार सुरू झाला आणि २००८ मध्ये ते पंतप्रधान झाले. मांगा-अ‍ॅनिमे ही निर्यातीची वस्तू आहे हे सरकारला कळलं, आणि तिच्या चाहत्यांकडे नाक मुरडून पाहणं परवडेनासं झालं.

९. अ‍ॅनिमे न पाहणारा माणूस ओताकू असू शकतो का?

बेलाशक. जपानीत विषयाच्या नावाला ‘ओता’ जोडलं की झालं: लष्करी गोष्टींचा ‘गुनओता’, अ‍ॅनिमेचा ‘आनिओता’, रेल्वेचा ‘तेत्सुओता’.

रेल्वेवाल्यांचं जग तर इतकं समृद्ध आहे की त्यांच्यातही पोटजाती आहेत. प्रवास करणारे ‘नोरितेत्सु’, फोटो काढणारे ‘तोरितेत्सु’, इंजिनांचे आणि स्टेशनवरच्या सुरावटींचे आवाज ध्वनिमुद्रित करणारे ‘ओतोतेत्सु’. वेळापत्रक कादंबरीसारखं वाचणारेही आहेत.

आपल्याकडे हे लोक नाहीत असं कुणी समजू नये. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात तेव्हा फलाटाच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभे असलेले लोक पाहा. इंजिनाचा वर्ग, शेडचं नाव, सगळं ते लांबून सांगतात. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली म्हणून दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस करणारे प्रवासी आणि रेल्वेप्रेमी आहेत. त्यांना हा जपानी शब्द ठाऊक असेल-नसेल, पण तोक्योतला तेत्सुओता त्यांना लगेच ओळखेल.

१०. ओताकू म्हणजे मुलगेच का? मुलींना काय म्हणतात?

मुलींनाही ओताकूच म्हणतात. मुलग्यांचं चित्र नाकामोरीने आणि टीव्हीने रंगवलं, वस्तुस्थितीने नाही. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योत पहिलं कॉमिकेत भरलं. त्यात ३२ गट आणि सातशेच्या आसपास लोक होते, आणि त्यांत बहुसंख्य शाळा-कॉलेजातल्या मुली होत्या, शोजो म्हणजे मुलींसाठीच्या मांगाच्या वाचक. २०१९ मध्ये याच जत्रेला चार दिवसांत सात लाखांहून जास्त हजेरी लागली.

पुरुषांमधल्या प्रेमकथांच्या वाचक मुली स्वतःला ‘फुजोशी’ म्हणतात. ‘स्त्रिया’ या अर्थाच्या शब्दातलं एक अक्षर बदलून ‘कुजलेल्या मुली’ असा श्लेष त्यांनी स्वतःवर केला आहे. तोक्योत इकेबुकुरो भागात त्यांच्यासाठीच्या दुकानांची ‘ओतोमे रोड’ नावाची गल्लीच आहे.

११. ओताकू, मानिया, फॅन आणि हिकिकोमोरी यांत फरक काय?

‘फॅन’ सौम्य: आवडतं, पाहतो. ‘मानिया’ हा ओताकूच्या आधीपासून जपानीत असलेला शब्द. टपाल तिकिटं, कॅमेरे, ऑडिओ अशा विषयांतल्या जाणकारांना तो लावतात आणि त्यात अवहेलना कमी आहे.

‘हिकिकोमोरी’ची गोष्ट पूर्ण वेगळी. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ घराबाहेर न पडणारा, समाजाशी संबंध तोडलेला माणूस म्हणजे हिकिकोमोरी. १९९८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ साइतो तामाकी यांच्या पुस्तकामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्याचा छंदाशी काही संबंध नाही. पालकांना आग्रहाने सांगायचं ते हेच: मुलगा रात्री अ‍ॅनिमे पाहतो, मित्रांशी त्यावर तावातावाने बोलतो, जत्रेत वेषभूषा करून जातो, तर तो माणसांत आहे. मुलगा कुणाशीच बोलत नाही, जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवावं लागतं, तर तो कोणते कार्यक्रम पाहतो हे गौण आहे आणि डॉक्टरांना भेटायला हवं.

१२. अकिहाबारा ही ओताकूंची राजधानी कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्योतल्या या भागात रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार होता, मग घरगुती विद्युत उपकरणांचा, मग कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटर घ्यायला येणाऱ्या मुलांनाच गेम आणि मांगा हवे होते, म्हणून नव्वदच्या दशकात दुकानं त्या दिशेने वळली. त्याआधीपासून जुन्या मांगांसाठी नाकानो ब्रॉडवे ही इमारत प्रसिद्ध होती आणि जाणकार आजही आधी तिकडेच जातात.

१३. जपानी लोक हा शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. का?

जपानीत हिरागाना आणि काताकाना अशा दोन उच्चारानुसारी लिप्या आहेत. हिरागानात लिहिला की नाकामोरीचा काळ आठवतो, कारण त्याने तसा लिहिला होता. नव्वदच्या दशकापासून काताकाना रूढ झालं. ते जास्त तटस्थ, थोडं अभिमानाचं. आणि सुरुवातीचा ‘ओ’ काढून जुनाट ‘वो’ हे अक्षर लावलं की ती आतल्या लोकांची, विशेषतः गायिकांच्या चाहत्यांची खूण. मैफलीत प्रकाशकांड्या घेऊन ते जी कवायत करतात तिला ‘ओतागेइ’ म्हणतात, आणि ते नावही बरेचदा याच अक्षराने लिहितात.

१४. हल्ली ‘ओशी’ हा शब्द ऐकू येतो. त्याने ओताकूची जागा घेतली का?

पूर्ण नाही. ‘ओशी’ म्हणजे तुम्ही ज्याची तळी उचलता तो: गायिका, नट, पात्र. त्याच्यासाठी जे जे करता ते ‘ओशिकात्सु’. ओताकू हे तुमचं नाव आहे, ओशी हे तुमच्या दैवताचं. पण तरुण पिढीत जोर सरकला आहे हे खरं. सगळं माहीत असण्यापेक्षा सगळं मनापासून करण्याला आता किंमत आहे. ओकादांनी तर २००८ मध्येच एक जमात म्हणून ओताकू संपले असं लिहून टाकलं होतं. मला ती घाई वाटते. नोरितेत्सु अजून वेळापत्रकं वाचतच आहेत.

१५. अमेरिकेत हा शब्द अभिमानाचा, जपानमध्ये नाही, असं का?

कारण समुद्र ओलांडताना १९८९ची बातमी सोबत गेली नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये चाहत्यांनी आपल्या संमेलनाचं नाव थेट ‘ओताकॉन’ ठेवलं. त्या साली जपानमध्ये असं नाव ठेवायला मोठं धैर्य लागलं असतं. आपल्याकडे शब्द अमेरिकेमार्गे आला, म्हणून आपल्या मुलांनाही तो निर्मळ वाटतो. इंग्रजीत जपानवेड्या परदेशी माणसाला चिडवायला ‘वीअबू’ हा वेगळा शब्द आहे. तो जपानी नाही. एका अमेरिकन चित्रमालिकेतल्या निरर्थक शब्दावरून तो आला.

१६. मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता?

एकच एक नाही. ‘दर्दी’मध्ये जाण आहे पण पछाडलेपण नाही. ‘छांदिष्ट’मध्ये थोडा विक्षिप्तपणा आहे. ‘नादखुळा’मध्ये जोश भरपूर, पण त्यातून जाणकारी दिसत नाही. भाषांतर करताना मी पात्राच्या तोंडी ‘ओताकू’ तसाच ठेवते आणि निवेदनात प्रसंग पाहून यांतला एक वापरते.

१७. जपानी कंपनीच्या मुलाखतीत ‘मी अ‍ॅनिमे ओताकू आहे’ म्हणावं का?

म्हणू नये. ‘अ‍ॅनिमे गा सुकि देसु’, म्हणजे ‘मला अ‍ॅनिमे आवडतं’, एवढं पुरे. समोरचा पन्नाशीचा असेल तर त्याच्या शाळेच्या वयात या शब्दाचा अर्थ काय होता ते प्रश्न ७ मध्ये आहे. स्वतःला ओताकू म्हणवणं म्हणजे त्या विषयातल्या जाणकारीचा दावाही असतो. मग तो दिग्दर्शकाचं नाव विचारेल आणि तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ओळख झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर म्हणायला हरकत नाही. दुसऱ्याला मात्र, त्याने आधी स्वतःला म्हटल्याशिवाय, कधीच म्हणू नका.

१८. मी योकोहामात राहते. शेजारच्या आजी मला ‘ओताकू’ म्हणाल्या. माझा अपमान झाला का?

मुळीच नाही. हा प्रश्न जपानमध्ये राहणाऱ्या बऱ्याचजणी विचारतात. आजी जुनं, मूळ संबोधन वापरत आहेत (प्रश्न ३). तो अर्थ अजून जिवंत आहे. ‘ओताकू नो गोशुजिन’ म्हणजे ‘आपले यजमान’, ‘ओताकू नो बोच्चान’ म्हणजे ‘आपले चिरंजीव’. फोनवर एखादा कारकून ‘ओताकूसामा’ म्हणेल तेव्हा तो तुमच्या घराला किंवा संस्थेला मान देतो आहे. ओळखायची खूण सोपी: मागे-पुढे विषयाचं नाव नसेल, बोलणारी व्यक्ती वयस्क असेल आणि बाकीचं वाक्य आदरार्थी असेल, तर तो ‘आपण’ आहे. उत्तरात तुम्ही त्यांना उलट ‘ओताकू’ म्हणू नका; तुमच्या वयाच्या तोंडी ते अंतर राखून बोलल्यासारखं, क्वचित फटकळ वाटतं. आडनावाला ‘सान’ लावा.